वरची मूठ: गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात का येतं?

तराजूत साखर टाकायच्या दोन पद्धती आहेत. एकीत पत्र्याच्या डब्याने साखर भसाभस पारड्यात ओततात आणि पारडं खाली गेलं की चिमटी-चिमटीने काढून परत पोत्यात टाकतात. दुसरीत आधी जरा कमीच टाकतात आणि मग वरून भर घालत काटा सरळ करतात. साखर दोन्हीकडे किलोभरच. पण पहिल्या गिऱ्हाइकाने आपल्या पुड्यातली साखर काढून घेतलेली पाहिली, दुसऱ्याने घातलेली पाहिली. कराडच्या आमच्या दुकानात नवा पोऱ्या कामाला लागला की आबा पहिल्या दिवशी त्याला एवढंच शिकवायचे, "काढायचं न्हाई, घालायचं." आणि काटा सरळ झाला की वर आणखी एक चिमूट.

ती चिमूट पडली की पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूला किंचित कलतं. हेच झुकतं माप. आज हा शब्द आपण निधीवाटपाच्या आणि पक्षपाताच्या बातम्यांत वापरतो, पण तो आला दुकानातून. 'मापात पाप' तिथूनच आलं, 'काटा मारणं' तिथूनच. तराजूने मराठीला जे शब्द दिले त्यांत लबाडीचेच जास्त भरतात, यावरून बाजाराची कल्पना यावी.

मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. "गिऱ्हाईक टिकत नाही हो" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं, आणि त्याच्या मागोमाग येणारं वाक्यही ठरलेलं असतं, "काहीतरी स्कीम काढू या." गिऱ्हाइकाला अपेक्षेपेक्षा जास्त द्या म्हणजे ते तुम्हाला सोडणार नाही, असं कुठल्याही व्याख्यानात सांगतात. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. काय जास्त द्यायचं, कधी द्यायचं आणि ते कुणाच्या हातून जायला हवं, हा उरलेला अर्धा भाग. सगळी गडबड तिथे होते.

आधी अपेक्षेचा हिशेब पाहू. 1980 मध्ये रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकी अभ्यासकाने ग्राहकाच्या समाधानाबद्दल एक मांडणी केली. तिचा गाभा साधा आहे: माणूस वस्तूला गुण देताना ती स्वतःच्या अपेक्षेशी ताडून पाहतो आणि त्या दोहोंतल्या फरकावर खूश किंवा नाखूश होतो. एसटी स्टँडवर बशीत सांडलेला पण आलं घातलेला कडक चहा मिळाला की आपण खूश. तोच चहा तारांकित हॉटेलात 300 रुपयांना मिळाला तर तोंड वाकडं. चहा तोच, घोट तोच, बदलली ती आपण मनात आधीच मांडून ठेवलेली रक्कम.

यातून निघणारी एक गोष्ट दुकानदाराला लगेच पटते: अपेक्षेच्या वर जा. दुसरी पटायला काही वर्षं जातात: आज वर दिलेलं उद्या अपेक्षेत जमा होतं. रोज तेच जास्त देणारा दुकानदार रोज स्वतःच्याच कालच्या मापाशी झगडत असतो.

एक चॉकलेट, मग परत वळून आणखी एक

आबांची चिमूट कशी काम करते हे अमेरिकेतल्या एका प्रयोगात फार छान दिसतं. डेव्हिड स्ट्रोमेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2002 मध्ये प्रसिद्ध केला. हॉटेलात बिल देताना वेटरने काही टेबलांना काहीच दिलं नाही, काहींना माणशी एक छोटं चॉकलेट दिलं, काहींना दोन. चौथ्या प्रकारात वेटरने एक-एक चॉकलेट दिलं, निघाल्यासारखं केलं आणि काहीतरी आठवल्यासारखं मागे वळून आणखी एक-एक दिलं. चॉकलेट न मिळालेल्यांनी बिलाच्या सुमारे 19 टक्के टीप ठेवली. एक मिळालेल्यांनी 19.6, दोन एकदम मिळालेल्यांनी 21.6, आणि ज्यांना परत वळून दिलं त्यांनी जवळजवळ 23 टक्के.

(हा प्रयोग सांगताना लोक 'टीप 23 टक्क्यांनी वाढली' असं सर्रास ठोकून देतात. 23 टक्के ही टीप होती. वाढ मोजली तर 21 टक्क्यांच्या आसपास येते. हिशेबनिसाची खोड आहे, राहवलं नाही.)

शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहा. चॉकलेटं दोन्हीकडे दोनच, खर्च एकच. फरक पडला तो परत वळण्याने. एकदम दिलेली दोन चॉकलेटं ही हॉटेलची पद्धत वाटली. परत वळून दिलेलं दुसरं चॉकलेट म्हणजे या माणसाला आपल्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. साखर आधी किलोभर होऊ द्यायची आणि मग चिमूट टाकायची, ते याचसाठी. किलोच्या आतच मिसळून गेलेली चिमूट गिऱ्हाइकाला दिसतच नाही.

ही चाल जगभर आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात, विशेषतः न्यू ऑर्लिन्समध्ये, खरेदीवर दुकानदार जी छोटीशी चीज वरून देतो तिला 'लॅन्याप' म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या 'भर घालणे' अशा अर्थाच्या शब्दावरून स्पॅनिशमध्ये, तिथून फ्रेंच बोलणाऱ्या न्यू ऑर्लिन्समध्ये असा या शब्दाचा प्रवास. मार्क ट्वेनला हा शब्द इतका आवडला की 1883 च्या मिसिसिपीवरच्या पुस्तकात त्याने त्यावर मजकूर खर्च केला. उत्तर हिंदुस्थानात 'रूंगा' म्हणतात. आपल्याकडे वेगळं नाव घ्यायची गरजच पडत नाही. "वर काय देताय?" एवढं विचारलं की भाजीवालीला बरोबर कळतं.

कोथिंबिरीचं काय झालं

मे 2024 मध्ये मुंबईतल्या एका माणसाने समाजमाध्यमावर लिहिलं की ब्लिंकिटवरून भाजी मागवली तेव्हा कोथिंबिरीचे वेगळे पैसे पडले, ते पाहून आईला धक्काच बसला, आणि ठरावीक भाजीवर कोथिंबीर फुकट द्या असं आई म्हणते आहे. कंपनीचे प्रमुख अलबिंदर धिंडसा यांनी 'करतो' असं उत्तर दिलं आणि खरोखर तशी सोय सुरू केली. वर, त्या आईचे आभार माना असंही सगळ्यांना सांगितलं.

लोकांना गंमत वाटली. मला त्यात दुसरंच दिसलं. त्या माउलीला फुकटच्या कोथिंबिरीचा आनंद झाला नव्हता, विकतच्या कोथिंबिरीचा राग आला होता. कधीतरी, कुठल्यातरी भाजीवालीने पहिल्यांदा मेथीच्या जुडीवर चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या टाकल्या असतील तेव्हा समोरची बाई हरखली असेल. आज त्या टाकल्या तर कुणी वर बघतही नाही. नाही टाकल्या तर, "अगं, कोथिंबीर?" पावसाळ्यात 5 रुपयांची जुडी 40 वर गेली की भाजीवाली हात आखडता घेते आणि वर्षभर दिलेल्या कोथिंबिरीचा उपकार एका दिवसात विसरला जातो. देताना मिळणाऱ्या आनंदापेक्षा काढून घेताना होणारं दुःख मोठं असतं, हे आबा साखर तोलताना सांगत होते, आणि 1979 मध्ये डॅनिएल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनीही आपल्या मांडणीत तेच सांगितलं.

या घसरणीची नीट मांडणी टोकियोच्या नोरिआकी कानो यांनी केली. 1984 चा त्यांचा लेख गुणवत्तेच्या क्षेत्रातले लोक अजून वापरतात. कानो म्हणतात, गिऱ्हाइकाला दिलेल्या सगळ्या गोष्टी एका पंक्तीत बसवू नका. दुचाकीच्या सर्व्हिसिंगवर त्यांची मांडणी बसवून पाहू.

गाडी परत आली तेव्हा ब्रेक लागतोय. कुणी मेकॅनिकचं कौतुक केलं का? नाही. पण ब्रेक लागला नाही तर तो मेकॅनिक कायमचा संपला. या झाल्या 'असायलाच हव्यात' अशा गोष्टी. असल्याचं श्रेय शून्य, नसल्याची शिक्षा जबर. दुसऱ्या प्रकारात गोष्ट जितकी जास्त तितकं बरं: गाडी संध्याकाळऐवजी दुपारी मिळाली, बिल 900 ऐवजी 750 झालं. इथे सुख आणि दुःख दोन्ही प्रमाणात वाढतं. आणि तिसरा प्रकार, जो मागितला नव्हता, सुचलाही नव्हता: गेले सहा महिने हलणारा डावा आरसा त्याने न सांगता घट्ट करून दिला. नसता केला तर काही बिघडलं नसतं, कारण आपण सांगितलंच नव्हतं. केला म्हणून आपण ऑफिसात चार जणांना त्याचा नंबर दिला.

कुठली गोष्ट कुठल्या प्रकारातली हे ओळखायला कानोंची युक्ती अशी की गिऱ्हाइकाला एकाच गोष्टीबद्दल दोन प्रश्न विचारायचे. ही असेल तर कसं वाटेल? नसेल तर कसं वाटेल? पहिल्याचं उत्तर "त्यात काय विशेष" आणि दुसऱ्याचं "मग येणारच नाही" असं आलं तर समजा ती 'असायलाच हवी' अशी गोष्ट आहे. पहिल्याला "अरे वा" आणि दुसऱ्याला "चालेल की" आलं तर ती वरची मूठ. दुकानात कुणी कागद घेऊन बसत नाही, पण गल्ल्यावर बसलेला माणूस मनात हे विचारू शकतो.

आणि कानोंचं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं निरीक्षण: गोष्टी तिसऱ्या प्रकारातून पहिल्यात उतरत राहतात. हॉटेलातलं फुकट वायफाय उतरलं. पाणीपुरीनंतरची सुकी पुरी तर इतकी खाली उतरली आहे की आता ती मागून घेतात, दुसरी मागतात, आणि "मसाला जरा जास्त" असंही बजावतात. त्या पुरीने आता कुणी त्याच गाडीवर परत येत नाही. ती बंद केली तर मात्र लोक शेजारच्या गाडीवर जातील.

आबांना कानो माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण त्यांनी एकच गोष्ट दर वेळी दिली नाही, एवढं मला आठवतं. पोरगं सामानाला आलं तर कधी खडीसाखर, कधी मूठभर शेंगदाणे, कधी नुसतंच "अभ्यास कसा चाललाय?" दिवाळीच्या सामानात चार वेलदोड्यांची पुडी न सांगता जायची, यादीत नसलेली. ती घरी डबे भरतानाच सापडायची, आबांसमोर नाही. सापडणारी व्यक्ती त्या वेळी दुकानापासून मैलभर लांब असायची आणि आभार मानायलाही कुणी समोर नसायचं. पुढच्या वर्षी वेलदोड्यांऐवजी जायफळ असे. मग एखाद्या वर्षी काहीच नाही. यादी ठरली की हक्क तयार होतो.

आधी माप, मग मूठ

आता या सगळ्यावर थोडं पाणी ओततो.

मुंबईचा डबेवाला 1890 पासून काम करतोय. तो तुमच्या डब्यात वरून लाडू टाकत नाही. सणाला कार्ड पाठवत नाही. डबा ज्याचा त्याला, वेळेवर, आणि रिकामा डबा संध्याकाळी घरी. एवढ्यावर घरंच्या घरं पिढ्यान् पिढ्या त्याला बांधली गेली. पुण्यात चितळ्यांचं दुकान दुपारी बंद असण्यावर किती विनोद झाले याला गणती नाही. 2017 मध्ये त्यांनी दुपारी दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तर त्याची बातमी झाली. दुपारी दार लावून घेणाऱ्या दुकानाबाहेर चार वाजता रांग लागायची ती काही जास्तीचं मिळतं म्हणून नव्हती. बाकरवडी काल होती तशीच आज असणार, एवढी खात्री पुरेशी होती.

अभ्यासही याच बाजूला बोट दाखवतात. 2010 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत 75,000 हून जास्त ग्राहकांच्या पाहणीवर आधारलेला एक लेख आला. मदत मागायला फोन केलेल्या गिऱ्हाइकाला अपेक्षेबाहेर खूश केल्याने त्याची बांधिलकी फारशी वाढत नाही, पण त्याची दगदग वाचवली तर तो टिकतो, असं त्याचं सार. तीनदा फोन करायला लावून शेवटी व्हाउचर देणाऱ्यापेक्षा पहिल्या फोनला काम करणारा बरा. 2014 मध्ये आयलेट नीझी आणि निकोलस एप्ली यांनी दिलेल्या शब्दाबद्दल प्रयोग केले. शब्द मोडला तर लोक चिडतात, पाळला तर मानतात, आणि शब्दापेक्षा जास्त केलं तर... पाळल्याइतकंच मानतात. वरच्या कष्टांचं वेगळं मोल जवळजवळ पडत नाही.

मग चॉकलेटचं काय? वाचताना मलाही हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या अंगावर येतायत असं वाटलं होतं. पण नीट पाहिलं तर चॉकलेट कुणी कबूल केलंच नव्हतं. माझी समजूत अशी: ज्याचा शब्द दिलाय त्यातच भर घातली, म्हणजे तीन दिवस सांगून दोन दिवसांत दिलं, तर समोरच्याच्या मनात 'काम झालं' एवढीच नोंद होते. भर शब्दाच्या बाहेरची असली, हलणाऱ्या आरशासारखी, तरच ती वेगळी मोजली जाते. म्हणून शिंप्याने ब्लाउज दोन दिवस आधी दिला यापेक्षा उरलेल्या कापडाचा बटवा शिवून दिला हे बाई जास्त दिवस लक्षात ठेवते. पण ब्लाउजच काखेत तंग झाला असेल तर तो बटवा घेऊन करायचं काय?

13 नगांच्या डझनाची गोष्ट इथेच बसते. इंग्लंडमध्ये 1266 पासूनच्या कायद्याने पावाचं वजन आणि किंमत बांधून दिलेली होती आणि कमी भरलं तर बेकरीवाल्याला शिक्षा होई. म्हणून बेकरीवाले डझनावर एक जास्तीचा पाव टाकत, असं या 'बेकरच्या डझना'बद्दल सांगतात. तो तेरावा पाव औदार्याचा नव्हता, भीतीचा होता. तरी गिऱ्हाइकाच्या पदरात पडला तो तेराच. झुकत्या मापाचं पहिलं काम हेच असावं: कमी तर नक्की भरलेलं नाही, हे समोरच्याला डोळ्यांनी दाखवणं.

सूट आणि मूठ

माझ्याकडे येणारे निम्मे दुकानदार 'जास्त द्यायचं' म्हणजे 'स्वस्त द्यायचं' असं धरून चालतात. वहीवर मांडून दाखवतो.

समजा एक कुटुंब महिन्याला 6,000 रुपयांचा किराणा नेतं आणि तुम्हाला त्यात सरासरी 10 टक्के सुटतात. म्हणजे 600. तुम्ही सरसकट 5 टक्के सूट दिली की 300 गेले. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला 5 टक्के मिळाले, तुमचे मात्र निम्मे गेले. वर्षाला 3,600 रुपये. आता हेच कुटुंब धरा आणि वर्षातून चार वेळा, न सांगता, 40-50 रुपयांचं काहीतरी त्याच्या पिशवीत टाका, आणि रोजची चिमूट. सगळं मिळून 500 च्या आत.

आणि सूट नुसती महाग नसते, ती चिकटते. 46 ची साखर एकदा 44 ने दिली की गिऱ्हाइकाच्या डोक्यात साखरेचा भाव 44 होतो. पुढच्या महिन्यात 46 सांगितले की तुम्ही भाव वाढवलात. वेलदोड्याच्या पुडीने साखरेचा भाव बदलत नाही. शिवाय सूट पाहून आलेलं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात 6 टक्के दिसले की जातं. त्यात त्याची चूक नाही. ते भावासाठी आलं होतं, भावासाठी गेलं.

गिऱ्हाईक टिकण्याचा पैसा किती मोठा असतो यावर फ्रेडरिक रायकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांचा 1990 चा लेख सगळे सांगतात: सोडून जाणारे 5 टक्क्यांनी कमी झाले की धंद्याप्रमाणे नफा 25 ते 85 टक्के वाढतो. आकडे अमेरिकेतल्या सेवाधंद्यांचे आहेत, ते कराडच्या पेठेत जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा माझ्या वह्यांमध्येही तीच दिसते. जुन्या गिऱ्हाइकाला जाहिरात लागत नाही, ते उधारी बुडवत नाही, आणि पाहुण्यांना घेऊन येतं.

उलट टोकाचं उदाहरण ब्रिटनमधलं. 1992 मध्ये तिथल्या हूवर कंपनीने 100 पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन परतीची तिकिटं फुकट द्यायचं जाहीर केलं, पुढे अमेरिकेचीसुद्धा. लोकांनी व्हॅक्यूम क्लीनर नुसते तिकिटासाठी घेतले. कंपनीला हे सुमारे 5 कोटी पौंडांना पडलं, आणि तिकिटं न मिळालेले लोक वर्षानुवर्षं कोर्टात भांडत राहिले. मूठ मापापेक्षा मोठी झाली की गिऱ्हाईक मूठच विकत घेतं.

पॉइंट आणि कार्डांचं काय, असं विचारतात. चालतात ती. कार धुणाऱ्या एका ठिकाणी जोसेफ न्युनेस आणि झेवियर ड्रेझ यांनी 300 गिऱ्हाइकांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना आठ शिक्के झाले की एक धुलाई फुकट असं कार्ड, निम्म्यांना दहा शिक्क्यांचं, पण दोन आधीच मारलेले. गरज दोघांनाही आठच धुलायांची. पहिल्यांपैकी 19 टक्क्यांनी कार्ड पुरं केलं, दुसऱ्यांपैकी 34 टक्क्यांनी. आधीच मारलेले दोन शिक्के म्हणजे कागदावरची चिमूटच. पण कार्डाची मर्यादाही कार्डातच आहे. कार्ड भरलं की व्यवहार फिटला. कुणी कुणाचं देणं उरलं नाही, आणि नातं टिकतं ते थोडं देणं उरल्यावर.

हात कुणाचा?

म्हणून मूठ कुठल्या हातातून जाते याला महत्त्व आहे. रिट्झ-कार्लटन हॉटेलांत कुठल्याही कर्मचाऱ्याला, अगदी खोली झाडणाऱ्यालाही, पाहुण्याची अडचण सोडवायला साहेबाला न विचारता 2,000 डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असल्याचं प्रसिद्ध आहे. आकडा ऐकून डोळे फिरतात, पण खरी गोष्ट 'न विचारता' या शब्दांत आहे. ब्रिटनच्या प्रेट ए मॉन्जे या कॉफी-सँडविचच्या साखळीने कार्ड काढण्याऐवजी काउंटरवरच्या पोरांना सांगितलं, आठवड्यात काही कप तुम्हाला वाटेल त्याला फुकट द्या. 2015 मध्ये त्यांच्या मुख्याधिकाऱ्याने हे जाहीर केलं तेव्हा काहींनी कुरकुर केली, की मग पोरं देखण्या गिऱ्हाइकांनाच देणार. कुरकुर वावगी नव्हती. हातातून दिलं की हाताची आवडनिवडही त्यात आलीच. दोन बायका शेजारी उभ्या असताना एकीच्याच पिशवीत काही टाकू नये, दुसरी कायमची जाते. आबांची वेलदोड्याची पुडी सामानाच्या तळाशी का जायची, त्याचं हेही एक कारण.

माझा चुलतभाऊ आता दुकान पाहतो. त्याने पोऱ्याला दिवसाला 50 रुपयांची मोकळीक दिली आहे. हिशेब द्यायचा नाही, फक्त कुणाला का दिलं ते रात्री सांगायचं. पहिल्या आठवड्यात पोऱ्याने सगळं आपल्या दोस्तांच्या भावंडांना वाटलं. तिसऱ्या आठवड्यात एकदा सांगितलं, "त्या मागल्या गल्लीतल्या आजींना रिक्षाला 20 रुपये दिले, पिशवी जड होती." चुलतभाऊ म्हणाला, हे मला सुचलं नसतं.

चूक झाली की वरच्या मुठीचं सोनं होतं, असंही म्हणतात. अभ्यासकांमध्ये एक जुना दावा आहे की चूक करून ती उत्तम निस्तरणाऱ्या दुकानावर लोक चूक न करणाऱ्यापेक्षा जास्त खूश होतात. 2007 च्या एका एकत्रित आढाव्यात समाधान वाढतं असं दिसलं, पण लोक त्यामुळे जास्त परत येतात असं काही दिसलं नाही. मला हे पटतं. मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला आमच्याकडे 'हॅपी बर्थडे ओंकार' असा केक आला. बेकरीवाल्याला फोन केला. वीस मिनिटांत तो स्वतः क्रीमची पिशवी आणि सुरी घेऊन आला, घामाघूम, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओंकार खरवडला आणि वळणदार अक्षरात मुलीचं नाव काढलं. पोरं भोवती गोळा झाली होती. उरलेल्या क्रीमने त्याने प्रत्येकाच्या हातावर एक-एक फूल काढून दिलं. दुसरीकडे, एका ऑनलाइन कंपनीने चार दिवस उशिरा आलेल्या सामानाबद्दल मला 100 पॉइंट दिले होते, सात दिवसांत वापरायचे, 999 च्या पुढच्या खरेदीवर. ती भरपाई उलट माझ्याकडून खरेदीच करवून घेत होती.

बेकरीवाल्याकडे आम्ही अजून जातो. पण प्रत्येक वेळी डबा उघडून नाव वाचतो.

गेल्या महिन्यात कराडला गेलो होतो. पितळी तराजू आता गल्ल्यामागे फोटोखाली ठेवला आहे, आणि साखर बरीचशी कारखान्यातूनच पाकीटबंद येते, त्यात कुणी काही घालू शकत नाही. सुटं उरलंय ते शेंगदाणे, रवा, पोहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची मोठी अडचण म्हणजे तो चिमटीचेही पैसे लावतो. वजन वाढलं की किंमतही लगेच पुढे सरकते, लाल आकड्यांत, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर. चुलतभाऊ काय करतो ते मी काउंटरवर उभं राहून पाहिलं. शेंगदाणे 500 ग्रॅमवर आणतो, बटण दाबून पावती छापून घेतो, ती फाडून काकूंच्या हातात देतो. मग पोत्यात पुन्हा हात घालतो.